‘लोप पावली’ या क्रियापदाविषयी

मुंबईच्या सरलेल्या रात्रींविषयी मराठीत जे गद्य लिहिले जाते त्याची क्रियापदे ठरून गेली आहेत. तमाशाची थिएटरे ‘लोप पावली’, चर्चगेटच्या रस्त्यावरचे बँड ‘मूक झाले’, कामगार रंगभूमी ‘मागे पडली’, पिला हाऊसची रया ‘गेली’ आणि एकंदर ती रात्रच ‘काळाच्या पडद्याआड’ गेली. यांतले एकही क्रियापद सकर्मक नाही. कोणी परवाना नाकारला, कोणी जमीन विकली, कोणी कायदा केला, कोणाला रस्त्यावर आणले, असे वाक्य या गद्यात येत नाही. पाने गळावीत तशी करमणुकीची स्थळे आपोआप गळतात आणि लेखक झाडाखाली उभा राहून ती वेचतो. दिवाळी अंकांना आणि रविवारच्या पुरवण्यांना असे गद्य लागते. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार समीक्षेविषयी आहे. ‘महानगरीय जाणीव’ या नावाखाली साठोत्तरी काळापासून मराठीत जी समीक्षा लिहिली गेली, तिने हेच कर्ताहीन व्याकरण उचलले, त्याला ‘ऱ्हास’, ‘परात्मता’, ‘मूल्यविघटन’ अशी भारदस्त नावे दिली आणि जे घडवले गेले ते घडून गेले म्हणून वाचण्याची सवय विद्यार्थ्यांच्या काही पिढ्यांना लावली.

या सवयीमागे निव्वळ आळस असता तर प्रश्न गंभीर नव्हता. पण कर्ता लपवण्यात समीक्षेचा स्वतःचा हितसंबंध गुंतलेला आहे. ज्या रेषेवर ही स्थळे बंद पाडली गेली ती रेषा कला आणि करमणूक यांच्या मधून जाते, आणि ती आखण्याचे काम सुशिक्षित मराठी समाजाने आपल्या समीक्षकांकडे सोपवले होते. विधिमंडळाचे सदस्य वाङ्मयीन नियतकालिके वाचून कायदे करतात असा दावा कोणी करणार नाही. मात्र कायद्याला लागणारा शब्द आधी कोठेतरी घडावा लागतो, प्रतिष्ठित व्हावा लागतो, आणि मराठीत ‘सवंग’, ‘हिणकस’, ‘अभिरुचिहीन’, ‘निव्वळ रंजनपर’ हे शब्द पोलिसी ठाण्यात घडलेले नाहीत.

बंद पाडण्याचा इतिहास प्रथम थोडक्यात पाहावा लागतो, कारण तो तारखांसह उपलब्ध असूनही वापरला जात नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आणि १९५० पासून अमलात आलेली संपूर्ण दारूबंदी यांनी शहराच्या दक्षिण टोकाची रात्र एका झटक्यात बदलली. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी आणि टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे कृष्णवर्णीय अमेरिकी वादक वाजवून गेले होते. त्यांच्या संगतीत तयार झालेल्या गोमंतकीय वादकांची उपजीविका हॉटेलांवर होती. दारूबंदीने हॉटेलांचे अर्थकारण मोडल्यावर यांतील अनेकांना हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांनी पूर्णवेळ आसरा दिला. त्याच कायद्याने शहराच्या गल्लीगल्लीत ‘आंटी’चे अड्डे जन्माला घातले. म्हणजे एका कायद्याने एक रात्र बंद केली आणि दोन उघडल्या: एक ध्वनिमुद्रिकेवरची, दुसरी मोरीच्या आडोशाची. बाळासाहेब खेर यांच्या सरकारने १९४० च्या दशकाच्या अखेरीस तमाशावर बंदी घातली. बंदी उठली ती सुधारणेच्या अटीवर; संहिता तपासून घ्यावी, शब्द धुऊन घ्यावेत, मगच बोर्डावर यावे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि त्या संपाच्या पराभवानंतर गिरणगावातील सगळ्या रात्रींच्या पायाखालची जमीन, शब्दशः जमीन, हलली. १९९१ च्या आणि नंतर २००१ च्या विकास नियंत्रण नियमांनी ती कोणाच्या हाती जाईल हे ठरवले. या सर्व घटनांना कर्ते आहेत, कलमे आहेत, राजपत्रे आहेत. लोप पावण्यासारखे यात काही नाही.

पण समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत बोलका दस्तऐवज २००५ चा आहे, आणि आश्चर्य असे की मराठी समीक्षेने त्याचे वाचन केलेले नाही. ३० मार्च २००५ रोजी विधानसभेत डान्स बारबंदीची घोषणा झाली ती एका लक्षवेधी सूचनेला उत्तर देताना. सूचना मांडणारे आमदार रायगड जिल्ह्यातील, शेतकरी कामगार पक्षाचे होते. उत्तर देणारे तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबई पोलीस अधिनियमात ३३ अ आणि ३३ ब ही दोन कलमे दाखल झाली. पहिल्याने उपाहारगृहे, परमिट रूम आणि बिअर बार यांतील सर्व प्रकारच्या नृत्यांवर बंदी घातली. दुसऱ्याने त्या बंदीतून सूट कोणाला हे सांगितले: नाट्यगृह, चित्रपटगृह आणि सभागृह, केवळ सदस्यांना प्रवेश असलेले क्रीडा क्लब किंवा जिमखाने, आणि तीन तारांकित व त्यावरील हॉटेले.

ही यादी साहित्यशास्त्राच्या वर्गात फळ्यावर लिहावी अशी आहे. नृत्य तेच, गाणेही बहुधा तेच, चित्रपटातले. फरक स्थळाचा आहे. रंगमंचावर झाले की ती कला; सभासदांसमोर झाले की तो खासगी शौक; तारांकित हॉटेलात झाले की ते पर्यटन; आणि पनवेलच्या महामार्गावर किंवा चेंबूरच्या परमिट रूममध्ये झाले की ते तरुणांना बिघडवणारे अश्लील. कलाकृतीचे मूल्य तिच्या अंगभूत गुणांत असते, असे मराठी सौंदर्यशास्त्राने मर्ढेकरांपासून आग्रहाने मांडले. त्याच भाषेच्या विधिमंडळाने मूल्य हे दाराशी द्याव्या लागणाऱ्या पैशांत असते, असे एका ओळीत सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निर्णय उचलून धरला. बंदीमुळे उत्पन्न गमावलेल्या अनेक स्त्रियांना वेश्याव्यवसायात ढकलले गेले, हेही न्यायालयाने नोंदवले. २०१४ मध्ये कायद्यात पुन्हा दुरुस्ती झाली, २०१६ मध्ये नवा अधिनियम आला, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील अनेक अटी रद्द केल्या. चौदा वर्षांच्या या वादात वकील बोलले, स्त्रीवादी संघटना बोलल्या, बारबालांच्या संघटनेने मोर्चे काढले. अश्लीलता, आविष्कार आणि अभिरुची या विषयांवर अर्धशतक चर्चासत्रे घेतलेली मराठी समीक्षा मात्र गप्प राहिली.

ती नेहमीच अशी गप्प नव्हती, आणि इथेच मुद्दा अधिक टोकदार होतो. ‘रंभा’ या नियतकालिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’वरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये तिथे निर्दोषत्वाचा निर्णय झाला. १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’वर परिनिरीक्षण मंडळाने कात्री चालवली तेव्हा कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. या दोन्ही लढ्यांत साहित्यिक आणि रंगकर्मी संहितेच्या बाजूने उभे राहिले, हे त्यांना भूषणावहच आहे. परंतु त्या समर्थनाचा युक्तिवाद काय होता? कलाकृतीत अश्लील वाटणारा भाग समग्र परिणामाच्या संदर्भात पाहिला पाहिजे. गंभीर हेतूने लिहिलेल्या कृतीला बाजारू मालाच्या पंगतीत बसवू नये. म्हणजे स्वातंत्र्य मागितले गेले ते सूट म्हणून, आणि सूट मागताना ज्याला सूट मिळू नये तो वर्गही सोबतच ठरवून दिला गेला. बाजारू मालाने आपले पाहून घ्यावे. ३३ ब या कलमातील ‘नाट्यगृह आणि सभागृह’ ही सूट त्या युक्तिवादाचे उशिरा निघालेले, पण अगदी तर्कशुद्ध अपत्य आहे.

विरोधाभास असा की पोलिसी प्रशासनाला हे वर्गीकरण कधी फारसे मानवले नव्हते. १९६० च्या ज्या नियमावलीखाली मुंबईत सार्वजनिक करमणुकीच्या स्थळांना परवाने दिले जात, तिच्या शीर्षकातच कॅबरे, मेळे आणि तमाशे एका ओळीत बसवले आहेत. समीक्षेने या तिघांना तीन कपाटांत ठेवले. मेळ्यांचे कपाट राष्ट्रीय जागृतीच्या इतिहासात गेले, तमाशाचे लोकसाहित्य विभागात, आणि कॅबरेचे कुलूप कोणी उघडलेच नाही. पोलीस उपायुक्ताच्या टेबलावर जी रात्र एक होती ती विद्यापीठात येताच तीन झाली. तमाशाला ‘लोकनाट्य’ म्हणण्याची प्रथा याच कपाटबंदीतून पक्की झाली. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने १९६५ मध्ये दादा कोंडके यांच्यासह शहरी मध्यमवर्गाला तमाशाचे रूप पोटभर हसत पाहू दिले, आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही, पण त्या यशानंतर लालबागच्या हनुमान थिएटरात रात्री उभ्या राहणाऱ्या फडांकडे ‘मूळ, असंस्कारित सामग्री’ म्हणून पाहणे फार सोपे झाले. सामग्री संपली तरी हळहळ वाटते ती संग्राहकाची.

या रात्रीचा प्रेक्षक कोण होता, हा प्रश्न तर समीक्षेने विचारलाच नाही. विचारला असता तर तिचे दोन आवडते सिद्धान्त अडचणीत आले असते. पहिला महानगरीय एकाकीपणाचा. १९७२ च्या ‘गोलपिठा’ला विजय तेंडुलकरांनी लिहिलेली प्रस्तावना मराठी समीक्षेत वारंवार उद्धृत होते. पांढरपेशा जगाची सीमा जिथे संपते त्याच्या पलीकडे नामदेव ढसाळांच्या कवितेचे जग सुरू होते, ही तिची मांडणी. ती प्रामाणिक आहे, कारण तेंडुलकर स्वतःच्या अपरिचयाची कबुली देऊन त्या जगात शिरतात. पण नंतरच्या समीक्षेने कबुली टाकून दिली आणि सीमा तेवढी ठेवली. वास्तविक अशी सीमा शहराच्या नकाशावर कधी नव्हती. पिला हाऊस हे नावच ‘प्ले हाऊस’चे बोलीत झालेले रूप आहे. १८४६ मध्ये ग्रँट रोडवर, जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने, जे नाट्यगृह उभे राहिले आणि १८५३ मध्ये ज्यात विष्णुदास भाव्यांनी प्रयोग केले, त्याच्या परिसरातच पुढे पारशी नाटक मंडळ्यांची थिएटरे उभी राहिली, बांगडीवाडीत पठ्ठे बापूराव आणि पवळा यांचे तमाशे गाजले, मग चित्रपटगृहे आली आणि कामाठीपुऱ्याच्या गल्ल्या तर पाठीशी होत्याच. मराठी रंगभूमीच्या इतिहासाचे पहिले पान आणि ‘गोलपिठा’चे पहिले पान यांत पायी काही मिनिटांचे अंतर आहे. त्यांतले एक पान नाट्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात आणि दुसरे दलित साहित्याच्या अभ्यासक्रमात गेल्यामुळे ती दोन जगे वाटू लागली. ‘वासूनाका’वर १९६५ नंतर जो गदारोळ झाला, आचार्य अत्र्यांनी भाऊ पाध्ये यांच्यावर जे हत्यार उपसले, त्यामागेही हीच सीमा सांभाळण्याची धडपड होती. पाध्यांची पोरे सीमेच्या आतली होती, एवढाच त्यांचा गुन्हा.

दुसरा अडचणीत येणारा सिद्धान्त देशीवादाचा. देशीवादाला मूळ हवे असते, आणि मूळ म्हणजे गाव, बोली, भूमी. महानगर हे त्याच्या लेखी मुळे तुटल्याची जागा. आता रायगड किनाऱ्यावरच्या दिघीचे उदाहरण घ्यावे. राजपुरी खाडीच्या दक्षिण काठावर, जंजिऱ्याच्या समोर, श्रीवर्धन तालुक्यातले हे बंदरगाव १९४८ पर्यंत सिद्दींच्या संस्थानात होते. पलीकडच्या आगरदांड्याशी ते तरीने जोडलेले आहे. मुंबईच्या रात्रीवरच्या कोणत्याही लेखात दिघीचे नाव येणार नाही. पण या किनाऱ्याने आणि मागच्या म्हसळा, माणगाव, महाडच्या डोंगराळ पट्ट्याने मुंबईला पिढ्यान्‌पिढ्या जे पुरुष दिले, गिरण्यांत कुणबी, बोटींवर कोकणी मुसलमान खलाशी, गोदीत हमाल, त्यांच्याखेरीज या शहराच्या रात्रीला प्रेक्षक कोठून मिळाला असता? गावी बायकामुले, मुंबईत एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे पुरुष, खाणावळीचे जेवण, आणि सुटीच्या आदल्या रात्रीची करमणूक. ही करमणूकही सरसकट एक नव्हती. घाटावरचा गडी तमाशाच्या थिएटरात जाई; कोकणचा चाकरमानी नमन-खेळे, दशावतार, भजनाची डबलबारी आणि गावमंडळाने बसवलेले नाटक यांना गर्दी करी. गौरी-गणपतीत अंगणात नाचली जाणारी जाखडी शहरात येऊन शक्ती-तुऱ्याचा तिकीट लावून होणारा सामना बनली. दोन शाहीर, दोन पक्ष, रात्रभर सवाल-जवाब. एक शक्तीचा कैवारी, दुसरा शिवाचा. कलगी-तुऱ्याची शतकांची परंपरा परळच्या रंगमंचावर मायक्रोफोन घेऊन उभी राहिली आणि तिथे रुळलेली चाल सप्टेंबरात परत गावच्या अंगणात गेली. मूळ कोणते आणि तुटणे कोणते? ही कला गावाची म्हणावी तर तिला वर्षभर पोसणारा पैसा आणि प्रेक्षक परळचा. शहराची म्हणावी तर तिचा प्रत्येक संदर्भ खाडीकाठचा. देशीवाद तिला दूषित मानील, महानगरवाद तिची दखलच घेणार नाही.

या सगळ्याचे एक प्रत्यक्ष स्थळ होते. सोशल सर्व्हिस लीगने १९२२ मध्ये परळला उभारलेले दामोदर नाट्यगृह. ना. म. जोशी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या या संस्थेचा हेतू कामगारांना गुत्त्यापासून दूर, निरोगी करमणूक देणे हा होता. म्हणजे नाट्यगृहाचा जन्मच सुधारणेच्या पोटी झाला. पण कामगारांनी ते आपले केले. इथे कामगारांची नाटके झाली, नमने झाली, शक्ती-तुऱ्याचे सामने झाले. नोव्हेंबर २०२३ पासून पुनर्विकासासाठी ते प्रयोगांना बंद झाले आणि त्याविरुद्ध लोककलावंतांनी व रंगकर्मींनी आंदोलन केले. वृत्तपत्रांनी बातमी दिली. शंभर वर्षांची वास्तू काळाच्या पडद्याआड, असे शीर्षकही कोणाला सुचले असेल.

दामोदर नाट्यगृहाचे नाव मात्र आणखी एका कारणासाठी घ्यावे लागते, आणि ते कारण या लेखाच्या युक्तिवादाला सोयीचे नाही. १६ जून १९३६ रोजी याच सभागृहात देवदासी, पोतराज, भुते, आराधी आणि जोगतिणी यांची सभा झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तीत बोलले. कामाठीपुऱ्यातून आलेल्या स्त्रियांना त्यांनी तो व्यवसाय सोडण्यास निक्षून सांगितले. पोट कसे भरायचे, हा प्रश्न त्या विचारतील हे गृहीत धरून, त्याचे उत्तर देण्याचे त्यांनी नाकारले. मार्ग अनेक आहेत, पण हे जिणे सोडलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मुंबईच्या रात्रीचे गुणगान करणाऱ्याला या सभेपाशी थांबावेच लागते. तमाशाचा फड, मुरळीचा जागर, कोठ्यावरचा मुजरा यांत जे सौंदर्य रसिकाला दिसते त्याची किंमत एका विशिष्ट जातीच्या, विशिष्ट घरांतल्या मुलींनी दिली. शर्मिला रेगे यांनी लावणीविषयी आणि शैलजा पाईक यांनी २०२२ च्या ग्रंथात तमाशा आणि जात यांविषयी जे इंग्रजीतून मांडले, त्याने ‘समृद्ध लोकपरंपरा’ हा शब्दप्रयोग निरागसपणे करणे अशक्य झाले आहे. (मराठीत तो निरागसपणे होतच आहे, हा भाग वेगळा.) गिरणगावाच्या रात्रीचे श्रमिक स्मरणरंजन हे पांढरपेशा स्मरणरंजनाला उत्तर होऊ शकत नाही, त्यातही नाचणारी गप्पच असते.

मग १९३६ ची सभा आणि २००५ ची बंदी यांत फरक काय? दोन्हीकडे स्त्रीची प्रतिष्ठा हा शब्द आहे. २०१६ च्या अधिनियमाच्या तर शीर्षकातच, अश्लील नृत्याला प्रतिबंध करण्याबरोबर, तिथे काम करणाऱ्या महिलांच्या प्रतिष्ठेचे संरक्षण हा हेतू घातला आहे. साहित्याच्या अभ्यासकाला इथे तरी आपले हत्यार वापरता यायला हवे: कोण बोलतो, कोणाशी बोलतो. आंबेडकर त्या स्त्रियांशी बोलत होते, समोर बसलेल्या, समाजाने दिलेल्या जिण्याविरुद्ध उभ्या राहू पाहणाऱ्या एका चळवळीचा भाग म्हणून. त्यांनी मागितला तो एक निर्णय, त्या स्त्रियांनी स्वतः घ्यायचा. विधिमंडळ त्या स्त्रियांविषयी बोलत होते, त्यांच्या प्रेक्षकांच्या आईबापांशी. एकात ती संबोधन आहे, दुसऱ्यात कर्म. मुक्तीचा शब्द राज्याने उचलला आणि त्याचे वाक्य बदलले. शिवाय हे तेच राज्य आहे ज्याच्या हाती असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाने संध्याकाळी सातनंतर स्त्रीला कारखान्यात काम करण्यास मज्जाव केला होता. रात्रपाळीचा भत्ता पुरुषाचा. रात्रीत स्त्रीला कमाईचे जे स्थान उरले ते पाळी सुटलेल्या किंवा पाळी नसलेल्या पुरुषांची करमणूक करण्याचे. २००५ मध्ये तेही काढून घेतले गेले, आणि प्रतिष्ठा सुरक्षित झाली.

आणि रात्र बंद झाली का? नाही. ज्या गिरण्यांच्या भोंग्यांवर गिरणगावाची रात्र लागत असे, त्यांच्याच आवारांत ती पुन्हा उघडली. फिनिक्स गिरणीत १९९० च्या दशकाच्या अखेरीस बोलिंगचा अड्डा आणि नाइट क्लब आला, नंतर मॉल आला. कमला मिलच्या आवारात उपाहारगृहे आणि पब दाटले. २९ डिसेंबर २०१७ च्या पहाटे त्यांतील गच्चीवरच्या एका पबाला लागलेल्या आगीत चौदा जण मृत्युमुखी पडले. जानेवारी २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘मुंबई चोवीस तास’ या धोरणाला मान्यता दिली आणि रात्रभर उघडे राहण्याची मुभा ज्या ठिकाणांना मिळाली ती वस्तीबाहेरची, कुंपण असलेली मॉल आणि गिरण्यांची आवारे होती. ज्या भूखंडावर रात्रीची करमणूक कामगाराला बिघडवणारी म्हणून नियंत्रणाचा विषय होती, त्याच भूखंडावर ती रोजगारनिर्मिती झाली. ‘लोप पावली’ हे क्रियापद म्हणूनच केवळ अपुरे नाही, खोटे आहे. रात्रीचे हस्तांतरण झाले. हे हस्तांतरण मराठी साहित्याला दिसलेच नाही असे नाही. जयंत पवार यांनी १९९७ च्या ‘अधांतर’मध्ये संपानंतरचे घर रंगमंचावर आणले आणि ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या संग्रहाच्या शीर्षकातच गिरणीचा मॉल केला. पठ्ठे बापूरावांच्या मुंबईच्या लावणीला अण्णा भाऊ साठे यांनी त्याच नावाच्या लावणीतून दिलेला जबाब तर शहराच्या वर्गीय वाचनाचा नमुना आहे: पाहणारा बदलला की तेच शहर दुसरे कसे दिसते, हे तिथे समीक्षेच्या कितीतरी आधी सांगितले गेले. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून जो इतिहास गोळा केला तो ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ म्हणून मराठीतही आला. त्याची दखल इतिहासकारांनी आणि वास्तुरचनाकारांनी घेतली. वाङ्मयीन समीक्षेच्या दृष्टीने ते ‘साहित्य’ नसल्यामुळे ते वाचण्याची जबाबदारी तिच्यावर येत नसावी.

यावर एक प्रतिवाद संभवतो, आणि तो क्षुल्लक नाही. समीक्षेचे काम संहितेशी आहे. जमिनीचे व्यवहार, परवाने, पाळ्या यांचे हिशेब समाजशास्त्राने ठेवावेत. प्रत्येक शास्त्राला आपले क्षेत्र असते, आणि ते ओलांडणारी समीक्षा पत्रकारितेत विरघळते, हा धोका खरा आहे. पण शक्ती-तुऱ्याच्या सामन्याची संहिता कोणती? सवालाची पहिली बारी बांधून आणलेली असते, जवाब समोरचा ऐकून तिथल्या तिथे रचावा लागतो, आणि तो बसला की नाही हे प्रेक्षकांतले जाणते ठरवतात. रात्री दोन वाजता परळच्या सभागृहात, दिवसा यंत्रावर उभा राहिलेला माणूस, समोरच्या शाहिराच्या रूपकातला दोष पकडून हुंकार देतो. ही समीक्षा नव्हे काय? पुराणातला दाखला चुकला, यमक ओढून आणले, जवाब सवालाला चुकवून गेला, या कसोट्या तिथे उघडपणे लावल्या जात होत्या. ग्राहक, आस्वादक, अर्थनिर्णयन यांवर अनुवादित सिद्धान्तांचे ग्रंथ मराठीत आले, त्यांवर प्रबंध झाले. जो आस्वादक परळमध्ये तिकीट काढून बसला होता त्याच्याकडे एकाही संशोधकाला पाठवण्याची पद्धत पडली नाही. संहितेच्या सीमेचे कारण सांगणाऱ्यांनी निदान ही संहिता तरी पाहायला हवी होती.

ती पाहण्याची साधने अजून पूर्ण नाहीशी झालेली नाहीत. परिनिरीक्षण मंडळाकडे तपासणीसाठी येणाऱ्या संहिता, पोलिसांकडचे परवान्यांचे कागद, नाट्यगृहांच्या नोंदवह्या ही सरकारी आणि संस्थांची बाजू झाली. दुसरी बाजू गावमंडळांची आहे. कोकणातल्या गावांनी मुंबईत जी मंडळे स्थापली त्यांची हस्तपत्रके, वर्गणीच्या वह्या, शाहिरांच्या हाताने लिहिलेल्या चोपड्या, सामन्यांच्या ध्वनिफिती चाळींतल्या खोल्यांत, पोटमाळ्यावर, पत्र्याच्या पेट्यांत पडून असतात. लोअर परळच्या ज्या रस्त्याला ना. म. जोशी यांचेच नाव आहे तिथल्या, तसेच वरळीच्या आणि नायगावच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीतून माणसे आधी तात्पुरत्या घरी आणि मग नव्या मजल्यावर जातात. पेटी बरोबर न्यायची की रद्दीत घालायची, हे ठरवायला घरच्यांना एखादी दुपार मिळते.